हे कडवं माह्यं

कलकत्ता
२० नोव्हेंबर १९६६

किसनभिया,

अन् तरी तू तेच लिहितो, का माफी माग. तीन पत्रं झाली तुह्यी. पहिल्या दोन ओळीत पऱ्हाटीची खबर, तिसऱ्या ओळीपासून माफी. मी म्हणतो, कायची माफी? होळीत लेंगी म्हणताना मी एक नवं कडवं जोडलं, आपल्या हरिसिंग नायकाच्या विहिरीवर. सारा तांडा हसला. याडी पदराआड हसली, पण हसली. अन् दुसऱ्या दिवशी नसाब बसली तं तेच हसणारे पंच तोंडं लांब करून म्हणतेत, लेंगी बापजाद्यांची असते, त्यात आपलं घालायचं नसते, एक्कावन रुपये दंड भर अन् नायकाच्या पाया पड. मी दंड भरला नाही, पायाही पडलो नाही. दिग्रसच्या जिनिंगातून गाठी घेऊन नागपूरले चाललेल्या ट्रकवर बसलो अन् निघालो. एवढाच माह्या गुन्हा.

अन् तू? त्या वक्ती डफडं कोण वाजवून राह्यलं होतं? माह्या कडव्याले तू असा ठेका देल्ला होता का म्हातारे बसल्या जागचे उठले. अन् नसाबीत काय म्हणला? का हात वाजवत होता, मले शब्द आयकू आले नाहीत. वा रे तुह्या हात. मी चौथीतून शाळा सोडली, तू सातवी पास, म्हणून तुले असं बोलणं सुचते.

असो. नोकरीचं विचारलं होतं ते सांगतो. ट्रकवर क्लीनर होतो ते सुटलं. आता इथं पार्क स्ट्रीट म्हणून रस्ता आहे, त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात दरवान आहे. म्यानेजरनं माह्यी उंची पाह्यली, मिशी पाह्यली, अन् काही न विचारता अंगावर कोट चढवला. पितळी बटना बारा. डोक्यावर बांधून ठेवलेला साफा, टोपीसारखा उचलायचा अन् घालायचा. आपल्या बाच्या पागोट्याले जेवढा वेळ लागे तेवढ्या वेळात इथं तीन गिऱ्हाइकं आत जातेत. काम एकच. मोटार आली का दार उघडायचं, सलाम ठोकायचा, दार लोटायचं. आत यंत्रानं थंड केलेली हवा आहे, ती बाहेर जाऊ द्यायची नाही.

अन् आत गाणं आहे, भिया. तेच सांगायसाठी हे पत्र लिहून राह्यलो, बाकी सारं उगाच.

मेल्विन म्हणून एक पोट्टा आहे, माह्याच उमरीचा, अर्धा साहेब. बाप खरगपूरले रेल्वेचं इंजिन चालवे. हा गिटार वाजवते. गिटार म्हणजे सहा तारांचं वाद्य, पण हे विजेचं, लाल रंगाचं. त्याची दोरी एका पेटीत जाते, पेटीत तांबडा दिवा लागते, अन् गाणं सुरू व्हायच्या आधी ती पेटी भुंग्यासारखी गुणगुणते. मग तो बूट आपटते, एक दोन तीन चार, अन् मंग असा आवाज निघते का काचेचं दार माह्या तळहातात थरथरते. मी दाराले हात लावूनच उभा राहतो. मले ठेका हातातून समजते.

पण सारं गाणं मी अजून एकदाही आयकलं नाही. दार उघडलं का गाणं, लोटलं का रस्ता. कोणी जाडी बाई सावकाश आत शिरली तं मले पुरं कडवं भेटते. घाईचा माणूस आला तं अर्धी ओळ. असे तुकडे गोळा करतो अन् खोलीवर येऊन एकाले एक लावतो. पण लागत नाहीत, काहून का तो रोज तेच गाणं तसंच म्हणत नाही. काल रागात होता तं पळवत नेलं. परवा तार तुटली तं पाच तारांवर वाट बदलून गेला, अन् तुटकी तार पुऱ्या गाण्यात त्याच्या मनगटावर लोंबत होती. एक सेठ टेबलावर घोरत होता तं त्याचं घोरणं गाण्यात घालून टाकलं. आपली लेंगी अशीच असते. दर सालची न्यारी. तव्यावरची रेकॉर्ड रोज एकच म्हणते, तिले काय माहीत समोर कोण बसलं आहे.

अन् आणखी एक. विलायतेतल्या रेकॉर्डीचं गाणं असलं तं तो त्या साहेबाचं नाव सांगते. पण काही गाण्यांच्या आधी डोळे वर करून इंग्रजीत फक्त एवढं म्हणते: धिस वन इज माईन. रामधन म्हणून बलियाचा वेटर आहे आमचा, त्याले इंग्रजी समजते. तो म्हणे, याचा अर्थ, हे माह्यं आहे, मी बांधलं आहे. अन् त्याले कोणी दंड करत नाही, भिया. पगार देतेत.

आता सांग मले माफी मागायले.

तुह्या,
प्रेमसिंग

---

नायकाचा तांडा, पोस्ट दिग्रस, जि. यवतमाळ
१४ डिसेंबर १९६६

चि. प्रेमसिंगास,

पत्र भेटलं. याडीले वाचून दाखवलं. बारा बटनांचं आयकून ती दोन दिवस, माह्या पोराले बारा बटना, म्हणून साऱ्या तांड्याले सांगत फिरली. विजेच्या वाद्याचं आयकून मात्र घाबरली. म्हणते त्याले सांग, त्या पोराजवळ उभा राहू नको, झटका बसन. आपल्याकडं वीज फक्त नायकाच्या मोटारपंपाले आहे अन् त्यानं गेल्या साली एक म्हैस मेली, तिले तेवढंच माहीत.

मले एक समजलं नाही. तू नायकापुढं एकदा वाकला नाही म्हणून घर सोडलं. अन् तिथं दिवसातून दोनशे वेळा सलाम ठोकते, तेही कोणाले, ज्याचं नाव माहीत नाही त्याले. नायक तं आपला माणूस आहे. बा गेला तं खांदा देल्ला त्यानं. अन् गाणं म्हणशील तं ज्या भाषेतलं एक अक्षर समजत नाही ते गाणं आयकून तू पागल झाला, हे कोणाले सांगायची सोय नाही. मी कोणाले सांगतलं नाही.

आता कामाचं. जमनीले सोयरीक आली आहे. उमरखेडकडच्या तांड्यातला पोरगा, लालसिंग नाव. पाच एकर स्वतःची, दारूचं व्यसन नाही, पाटबंधाऱ्याच्या कामावर हजेरी लिहिते. आपल्या ऐपतीपेक्षा चांगलं ठिकाण आहे. होळीनंतर सोयरीक पक्की करायचा गोळ खायचं ठरवून राह्यलो. पण गोळाच्या परातीले पहिला हात नायकाचा लागते हे तुले सांगायची गरज नाही. आपला नायक बसला नाही तं ते लोक परात न शिवता उठून जातीन, अन् मंग जमनीले दुसरं ठिकाण भेटणं कठीण. नायक म्हणते, ज्या घरच्या पोराचा दंड बाकी आहे त्या घरच्या गोळावर मी बसत नाही. रीत तीच आहे, तो काही नवीन बोलला नाही.

मी चार वेळा गेलो. शेवटी त्यानं मोठं मन केलं. म्हणे दंडही नको, पाया पडणंही नको. पोरानं एका कागदावर लिहून द्यावं का ते कडवं माह्यं नाही, बाहेरच्या कोणीतरी माह्या तोंडी घातलं. बस. नसाबीत तो कागद वाचला का विषय संपला.

एवढं सोपं आहे, प्रेम. अन् ते कडवं आता इथं कोणाले आठवतही नाही. जे मेलं त्याच्यासाठी बहिणीचं बिघडवू नको.

तू मले हातावरून टोमणा मारला. मले इथं राहायचं आहे. माह्ये बैल नायकाच्या विहिरीवर पाणी पेतेत.

किसनसिंग

---

कलकत्ता
९ जानेवारी १९६७

किसनभिया,

सलामाचं आधी. सलाम पगाराचा आहे. कोट उतरवला का सलामही खुंटीवर. त्या कोटाच्या आत मी कोणापुढं वाकत नाही. अन् नायकाले जो वाकून पाह्यजे होता तो प्रेमसिंग पाह्यजे होता, कोट नाही. याडीले सांग झटका बसत नाही. मेल्विनले एकदा बसला होता, तं तो म्हणे आवाज सुधरला.

अन् तू म्हणतो एक अक्षर समजत नाही. आता समजते. रामधनले दोन विड्या देल्ल्या का तो एक कडवं सांगते. मेल्विनचं जे सगळ्यात मोठं गाणं आहे ते त्याच्या लोकांवर आहे. ते सारे आता ट्रंका बांधून बोटीनं दूरच्या मुलखात चालले, जिथं त्यांच्यातलं कोणी कधी गेलं नाही, अन् त्याले ते घर म्हणतेत. याचा बाप तीस साल इंजिन चालवून पेन्शनीत बसला, तोही ट्रंक घासून राह्यला. गाण्यात हा विचारते, ज्या देशाले घर म्हणता तो कोणी पाह्यला नाही, अन् ज्या घरात जन्मलो त्याले देश काहून म्हणत नाही? हे आयकलं तं मले वाटलं हे गाणं बैलांवर मीठ लादून फिरणाऱ्या आपल्या आज्यालेही समजलं असतं.

पण ऐकणाऱ्यांपैकी अर्धे तेच ट्रंका बांधणारे. पैसे देऊन बसतेत, केक खातेत, त्यांना ते टोचते. बाकीच्यांना रेकॉर्डीतलीच गाणी पाह्यजे. म्हणून म्यानेजरनं मेल्विनले बोलावलं अन् सांगतलं, गाणं म्हण, बंदी नाही, पण तुह्यं आहे म्हणून सांगू नको. लंडनच्या रेकॉर्डीतलं आहे म्हण, मंग लोक गोड मानून घेतीन.

तुह्यं पत्र त्याच आठवड्यात आलं, भिया. मले वाटलं तुह्या नायक अन् माह्या म्यानेजर एका पानातली तंबाखू खातेत का काय.

ऐतवारी सकाळी अकरा वाजता इथं गाण्याचा खास कार्यक्रम असते, पोट्टेपोट्टी येतेत, नाचतेत. कालच्या ऐतवारी मेल्विननं ते गाणं लंडनच्या कोण्या साहेबाच्या नावावर म्हणलं. मी दार उघडत होतो, लोटत होतो. जेवढं आयकू आलं तेवढं सांगतो. आवाज तोच, हात तेच, ठेका एका बोटानं चुकला नाही. अन् टाळ्या अशा पडल्या का रस्त्यावरचा शेंगावाला वळून पाह्यला. म्यानेजरनं स्वतः जाऊन पाठ थोपटली.

कार्यक्रम सुटल्यावर मेल्विन बाहेर पायरीवर आला. मी सवयीनं सलाम केला. तो म्हणे, "आज सलाम मत करो, प्रेमसिंग. आज मैं रेकॉर्ड था."

अन् गिटार पाठीवर टाकून पायी निघून गेला.

मी ते आठ दिवस झाले तरी... नाही, कालचीच गोष्ट आहे, पण मले आठ दिवसांची वाटून राह्यली. एकीकडून वाटते, त्याचं काय गेलं? गाणं तं झालं. लोक खूश, पगार चालू. दुसरीकडून त्याचं तोंड दिसते.

जमनीसाठी मी हात तोडून देईन. हात तोडणं सोपं आहे, तोंड तोडणं कठीण, हे मले आता समजलं. तरी तू म्हणतो ते कडवं मेलं आहे. मेलेल्याचा बाप कोण हे कोणी विचारत नाही. कागदात काय लिहायचं तो मसुदा पाठव. मी पाहीन. सही करीन म्हणलं नाही, पाहीन म्हणलं.

प्रेमसिंग

---

नायकाचा तांडा
२४ जानेवारी १९६७

चि. प्रेम,

तुह्यं पत्र वाचून याडी रडली, पण बरं वाटून रडली. मसुदा नायकासमोर बसूनच केला. सोबत जोडला आहे. खाली सही कर, तारीख टाक, अन् होळीच्या आठ दिवस आधी पोचेल असा पाठव. कागद असा आहे:

"मी, प्रेमसिंग, लिहून देतो की मागील होळीस म्हटलेले कडवे माझे नाही. ते कोणी रचले ते मला ठाऊक नाही. ते पुन्हा कोणी म्हटल्यास त्यास माझी संमती नाही."

तिसरं वाक्य नायकानं घातलं. मीही विचारलं, कायले? तो म्हणे असू दे.

तुह्यी आठवण येते. रागावू नको.

किसनसिंग

---

दिग्रस
२७ जानेवारी १९६७

माह्या वीरा,

हे पत्र विमलताईंच्या हातचं आहे. त्या इथं मुलींच्या शाळेत शिकवतात, अन् मी त्यांच्याकडं बाजाराच्या दिवशी दूध घालते. भियाले माहीत नाही. मी जसं बोलते तसं लिहा म्हणून मी त्यांना शपथ घातली.

वीरा, भियानं तुले खोटं सांगतलं. तुह्यं कडवं मेलं नाही. पोळ्याले म्हणलं, दिवाळीले पोरींनी म्हणलं, आता बाया पाणी भरायला जाताना म्हणतात. नायकाची सून घरात म्हणत नाही पण गुणगुणते, अन् नायक आला का खोकलते. विमलताईंना मी म्हणून दाखवलं तं त्यांनी ते मराठीत करून वहीत उतरवलं. असं:

तांड्याची विहीर तांड्यात नाही,
नायकाच्या वांग्यांत शिरली;
वांगी झाली हंड्याएवढी,
बायकांची घागर कोरडी फिरली.

ताई म्हणतात आपल्या बोलीतलं जास्त झणझणीत आहे.

आता तं उमरखेडपर्यंत गेलं. लालसिंगचे लोक मले पाह्याले आले तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, ते विहिरीचं कडवं तुमच्याच तांड्यातलं ना? भिया जमिनीकडं पाहत राह्यला. लालसिंग माह्याकडं पाहत होता. मी पाणी देताना हळूच म्हणलं, "माह्या भावाचं आहे." तो हसला. म्हणून मले तो आवडला.

नायकाले दंड नको, कागद पाह्यजे, काहून का एक्कावन रुपयांनी गाणं बंद होत नाही हे त्याले समजलं. पण कडव्याले बापच नाही म्हणलं तं मंग ते आवारा कुत्रं, कोणीही हाकलावं.

मी सध्या हंसाबाई आजीजवळ ढावलो शिकून राह्यली. सासरी जाताना नवरीनं गळ्यात पडून म्हणायची रडगाणी. आजी म्हणते चाल मी शिकवीन, शब्द तुह्ये तू आण, उसन्या शब्दानं कोणी खरं रडत नाही. तं वीरा, सांग, तुह्या गळ्यात पडून मी काय म्हणू? का माह्या भावानं माह्या गोळासाठी आपलं गाणं दुसऱ्याच्या दारात टाकलं?

गोळ झाला नाही तं मले दुःख होईल, खोटं कायले बोलू. पण सही करू नको.

भियावर जास्त रागावू नको. तो रात्रंदिवस तुह्यी काळजी करते. बैल घेऊन विहिरीवर जाते तं ओठ मिटून जाते, पण त्याचं बोट बैलाच्या पाठीवर तोच ठेका वाजवते. मी पाह्यलं.

जमनी

(लिहून देणारी : विमल. पत्रात माझे काही नाही.)

---

कलकत्ता
६ मार्च १९६७

किसनभिया,

उशीर झाला. नोकरी गेली म्हणून झाला. घाबरू नको, पूर्ण आयक.

मेल्विन सात ऐतवार लंडनच्या साहेबाच्या नावानं गात राह्यला. टाळ्या वाढत गेल्या अन् तो वाळत गेला. सव्वीस फेब्रुवारीच्या ऐतवारी सकाळी हॉल गच्च होता. मी बाहेर, दार बंद. काचेतून पाह्यलं तं तो पुढं आला, डोळे वर केले, अन् ओठ हालले. ते ओठ मले पाठ आहेत. धिस वन इज माईन. एकदा म्हणला, थांबला, अन् मंग पुन्हा म्हणला, जसं काही सात ऐतवारांचं व्याज देत होता.

गाणं सुरू झालं. तळहातावर ठेका आला. अन् दुसऱ्या कडव्यात तो ठेका एकदम गेला, जसं कोणी माह्याच हातातून काढून घेतला. पेटीतला तांबडा दिवा विझला होता. म्यानेजरनं भिंतीतली दोरी उपटली होती.

पण मेल्विनचं तोंड हालून राह्यलं होतं. तो थांबला नव्हता. चौथऱ्यावरून खाली उतरला, गिटार छातीशी धरली, तारा सोडून तिच्या लाकडावर थापा मारून राह्यला, बूट आपटून राह्यला, अन् गाऊन राह्यला. काचेच्या या बाजूले मले काहीच आयकू येईना.

भिया, गिऱ्हाईक नव्हतं. मोटार नव्हती. मी दार उघडलं.

दोन्ही पाटं उघडली अन् पाठ लावून उभा राह्यलो. आधी थंड हवा माह्या पायांवरून रस्त्यावर गेली. मंग तिच्यामागून आवाज आला. बिनविजेचा, बारीक, पण पुरा. शेंगावाला थांबला. रिक्षा ओढणारे दोघं थांबले, चौकातला पोलीस शिट्टी तोंडात धरून उभा राह्यला. मेल्विननं पाह्यलं का दार उघडं आहे, तं टेबलांकडं पाठ केली अन् रस्त्याकडं तोंड करून गायला. ठेका त्याचा एकट्याचा पडेना म्हणून मी त्या दाराच्या पितळी पत्र्यावर हात सोडला. तुह्यावाला ठेका, भिया, होळीचा. तो अर्ध्या ओळीत त्यात येऊन बसला. हात वाजवत होता म्हणून मी सांगणार नाही. मीच वाजवत होतो, शब्द आयकून वाजवत होतो.

म्यानेजर वरडत आला का दार लाव, थंडी चालली. मी म्हणलं, "साहेब, लोक येऊन राह्यले." लोक येत नव्हते. गाणं जात होतं.

पहिल्यांदा मी ते गाणं मुळापासून शेवटपर्यंत आयकलं. मधात एक कडवं आहे ते कधीच माह्या वाट्याले आलं नव्हतं, काहून का त्या वक्ती कोणीच आत शिरत नसे. त्यात ट्रंका नाहीत, बोट नाही. फक्त एक म्हातारा बंद पडलेल्या इंजिनाले हात लावून उभा आहे, ते गरम आहे का पाहून राह्यला. मी त्या कडव्याबिगर चार महिने गाणं जुळवून राह्यलो होतो. कसं जुळणार होतं?

शेवटी टाळ्या थोड्या पडल्या, जास्त बाहेरूनच. ट्रंका बांधणाऱ्यांपैकी एक म्हातारा मात्र केक सोडून उठला अन् मेल्विनचा हात धरून उभा राह्यला. पाच मिनिटांत दोघांचाही हिशोब झाला. माह्या कोट उतरवून घेतला, बटना मोजल्या, बाराच्या बारा निघाल्या.

आता मी खिदिरपूरले तागाच्या गोदामात गाठी उचलतो. दिग्रसच्या रुईपेक्षा जड, पण अंग तेच. शनवारी मेल्विन खरगपूरच्या रेल्वेवाल्यांच्या क्लबात गाते अन् मी त्याची पेटी वाहतो. तिथं ऐकणारे चाळीस, त्यातले दहा पत्ते खेळणारे. पण प्रत्येक गाण्याआधी तो म्हणते हे माह्यं, अन् कोणी दोरी उपटत नाही.

आता तुह्या कागदाचं. मले कडवं मेलं म्हणून सांगतलं होतं ना? ते उमरखेडपर्यंत चालत गेलं, असं आयकलं. कोणी सांगतलं ते विचारू नको, अन् घरात कोणावर डोळे वटारू नको. मी तुह्यावर रागावणार होतो. मंग समजलं का तू ते मेलं म्हणला ते मले वाचवायसाठी, अन् बैलांसाठी, अन् जमनीसाठी. एवढ्या जणांसाठी खोटं बोलावं लागलं तं माणूस थकतेच. पण तू सातवी पास, अन् तुले तिसरं वाक्य समजलं नाही? ज्याचं गाणं मेलं त्याच्या संमतीची नायकाले कायले गरज?

मसुदा परत पाठवून राह्यलो. चांगला कागद आहे, वाया कायले घालवायचा. मागल्या बाजूले मी माह्या हातानं लिहिलं आहे: हे कडवं माह्यं आहे. मी बांधलं. ज्याले म्हणायचं त्यानं म्हणावं. खाली सही केली, तारीख टाकली, नायकाले पाह्यजे होती तशी. नसाबीत हाच कागद वाचायचा, मागल्या बाजूनं. तुले वाचता येत नसन तं ठेवून दे, मी येऊन वाचतो. मी होळीच्या दोन दिवस आधी पोचतो.

अन् तूच सांगतलेली रीत तुले दाखवतो. दंड भरला का पोराचा वाद मिटला, अन् वाद मिटला का नायकाले गोळावर बसावंच लागते. पंचांनी दंड सांगतला होता, कागद नाही; अन् पाया पडणं तं नायकानं स्वतःच सोडलं. कागद नायकानं मागून आणला. तं आपण पंचांचं आयकू. दंड भरू, पंचांच्या हातात, साऱ्या तांड्यासमोर. मंग जमनीच्या परातीले पहिला हात लावल्याबिगर हरिसिंग नायक कुठं जाते ते मी पाहतो. नाहीच लावला तं तो रीत मोडणारा, अन् त्यावरही कडवं होते.

मेल्विनले मी हे सारं सांगतलं. तो हसला. म्हणे, मेरे गाने पर तो किसी ने जुर्माना भी नहीं लगाया. अन् खिशातली दहाची नोट काढून देल्ली, का या दंडात माह्या वाटा असू दे. म्हणून यात दहा त्याचे आहेत. बाकी माह्या शेवटचा पगार अन् सलामांची बक्षिसी.

याडीले सांग मले झटका बसला नाही. जमनीले सांग, शब्द तयार ठेव, गळा तयार आहे. अन् तू, भिया, डफडं उन्हात ठेवू नको, कातडं तडकते. गवत पेटवून तापव, पहिल्यासारखं. या वेळी नसाबीत विचारलं तं म्हण, मी वाजवलं.

मनिऑर्डर वेगळी करून राह्यलो. पैसे आले का असे मोज: एक्कावन मागल्या होळीच्या कडव्याचे, त्याची पावती घे. अन् एक्कावन या होळीत मी जे नवं कडवं म्हणणार आहे त्याचे, आगाऊ. त्याचीही पावती घे. सारे मिळून रुपये एकशे दोन.